वेणूजिजीच्या फोनमधले हात

"हात दखाडा, म्याडम."

म्हसावदच्या शाळेत बदली होऊन आले तो दिवस. टेम्पोतलं सामान अजून अर्धं उतरायचं होतं, आणि शेजारच्या घरातून आलेल्या बाईने नाव नाही, गाव नाही, एकदम माझा हातच मागितला. मला वाटलं, भविष्य सांगणारी असणार. मी म्हटलं, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो." तिने माझं बोलणं कानाआड केलं, माझा पंजा धरला, उलटा केला, बोटांच्या पेरांवरून स्वतःचा अंगठा फिरवला आणि हात सोडून दिला. "खडूना हात शे," ती म्हणाली. "मिरची येचानं काम तुमले जमाव नही." मी मिरची वेचायला आलेच नव्हते, मराठी शिकवायला आले होते. तरी नापास झाल्यासारखं वाटलं, ते काही खोटं नाही.

ती वेणूजिजी. आमच्या खानदेशात मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात आणि तिला तर अख्खं गावच जिजी म्हणायचं. साठीच्या आतबाहेरची, काटक, नाकात चमकी, साडीवर कायम पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट आणि त्या शर्टाच्या खिशात फोन. जिजी मिरची वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम होती. तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या उतारांवर जे पाडे आहेत, तिथल्या बाया हंगामात पिकअपने खाली यायच्या. कोणत्या शेतात किती बाया लागतील, कोण हिरवी तोडेल, कोण लाल वेचेल, सगळं जिजी ठरवायची आणि ते ती हात बघून ठरवायची. तोंडाकडे बघायचीच नाही. "तोंड काय, आज हासस, उद्या रडस," असं तिचं म्हणणं. "हात खोटं बोलत नही."

फोनचंही तसंच होतं. जिजीला वाचता येत नव्हतं. मग दीड-पावणेदोनशे माणसांचे नंबर तिने ठेवायचे कसे? तर हातांचे फोटो काढून. टोळीत नवी बाई आली की जिजी तिचा हात आपल्या शर्टावर ठेवायला लावायची आणि फोटो काढायची. डोंगरातल्या बाया तोंडाचा फोटो म्हटलं की पदर ओढायच्या, पण हाताला कोण लाजतंय! कुणाच्या मनगटावर गोंदलेला विंचू, कुणाची करंगळी वाकडी, कुणाच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. त्या बाईचा फोन आला की पडद्यावर तो हात उमटायचा आणि जिजी बिनचूक नाव घ्यायची. पुरुषांच्या आणि टोळीबाहेरच्यांच्या हातांवर मात्र तिचा विश्वास नव्हता. जीपवाला भाईदास म्हणजे त्याच्या जीपचा पत्रा ठोकलेला दिवा, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणजे त्यांची निळी छत्री, आणि मी म्हणजे माझी चप्पल. हो, चप्पल! मी चिडले तर म्हणाली, "तुमना हात कोरा शे, म्याडम. चप्पल वळखाले सोपी."

मी मराठीची शिक्षिका. माझ्या शेजारी राहून कुणी निरक्षर राहावं, हे मला कसं चालेल? पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला ओट्यावर पाटी घेऊन बसवलं. चार दिवस आली. चार दिवसांत एक 'अ' गिरवला, अगदी सुबक, माझ्या सहावीतल्या मुलांपेक्षा चांगला. पाचव्या दिवशी पाटी परत. "बस व्हयनं. मी या एक अक्षरवर भागाडी लिसू." मी पुष्कळ समजावलं, रागावलेसुद्धा. पण जिजी एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. त्या एका अक्षरावर तिने काय काय भागवलं होतं, ते मला पुढे फार महागात कळलं.

तिच्या कामाची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलं. डोंगरात नेटवर्क मिळतं ते ठरावीक टेकाडावर किंवा एखाद्या झाडाखाली, तेही नशिबात असेल तर. बोलायला लागलं की फोन तुटतो. म्हणून जिजीने टोळीला मिस कॉलची शिस्त लावून दिली होती. "एक डाव वाजना तं उद्या कामले येत नही. दोन डाव वाजना तं पिकअप थांबाड. तीन डाव वाजना तं जीप धाड." तीनदा म्हणजे साप चावला, कुणी पडलं, बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. तीनदा वाजलं की जिजी हात बघायची, हातावरून पाडा ओळखायची आणि भाईदासला त्या वाटेने पिटाळायची. दवाखान्याची सरकारी गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येई, पण तिथवर माणूस आणायला भाईदासच हवा. टोळीतल्या बाया अठरा पाड्यांतल्या आणि वर जायच्या वाटा तीन. चुकीच्या वाटेने जीप गेली तर परत फिरून यायला दोन तास.

तर त्या हिवाळ्यात जिजीचा फोन म्हातारा झाला. बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचललेलं, त्याला रबरबँड. चार्जरची पिन एका विशिष्ट तिरकसपणे धरली तरच चार्ज व्हायचा. आणि टोळीतली रेवली, जिच्या मनगटावर गोंदलेला विंचू होता, ती नववा महिना लागला म्हणून पाड्यावर परत गेली होती. नवरा ऊसतोडीला गुजरातेत. घरात ती आणि सासू. जिजीला दिवसरात्र एकच घोर. "रेवलीना फोन यी आन हाऊ मुडदा बंद पडी," असं म्हणत ती दर तासाला फोन खिशातून काढून बघायची.

संक्रांतीला तिचा मुलगा प्रवीण सुरतेहून आला. तिथल्या कापड बाजारात कामाला. त्याने स्वतः नवा घेतला होता, म्हणून जुना आयफोन आईला देऊ केला. मला काय आनंद झाला, विचारू नका. माझ्या स्वतःकडे साधा अँड्रॉइड, स्टाफरूममध्ये एकाच सरांकडे आयफोन, तेही तो टेबलावर उताणा ठेवून चहा पितात. आता माझ्या शेजारणीकडे! जणू मलाच मिळाला. जिजी मात्र म्हणाली, "दोन्ही देखसूत. मंग ठराडसूत." मग आम्ही दोघी तो आयफोन घेऊन शहाद्याला मनोहरभाऊंच्या दुकानात गेलो. पन्नाशीचा शांत माणूस, गिऱ्हाइकाला घाई करत नाही. त्यांनी काउंटरवर शेजारी एक नवा अँड्रॉइड ठेवला.

जिजीची परीक्षा सुरू झाली. कॅमेरा किती, मेमरी किती, काही विचारलं नाही. तिने शर्टाच्या खिशातला फडका काढून नाकातोंडाला बांधला, जसा ती मिरचीच्या शेतात बांधते, आणि आयफोन तोंडासमोर धरला. उघडेना. मनोहरभाऊ म्हणाले, "जिजी, त्याले तोंड दखाडनं पडी." फडका सोडला, उघडला. मग अँड्रॉइड. त्याला अंगठा हवा. जिजीने अंगठा ठेवला, पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला. ओळखेना. तीस वर्षं मिरचीची देठं खुडून अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. जिजी मोठ्याने हसली. "एक म्हनस तोंड दखाड, एक म्हनस आंगठा दे. मन्हाजोडे दोन्ही नहीत!"

मग मनोहरभाऊंनी अँड्रॉइडवर नऊ ठिपक्यांचं कुलूप लावून दाखवलं. ठिपके जोडत रेघ ओढायची की फोन उघडतो. जिजीचे डोळे चमकले. "हाई तं रांगोळी शे!" तिने एका झटक्यात रेघ ओढली आणि उघडला. तिचं ठरल्यातच जमा होतं. पण मी मध्ये पडले ना! मी म्हटलं, "जिजी, रांगोळीसाठी कुणी फोन घेतं का? मुलगा फुकट देतोय, चांगला टिकतो, पाच वर्षं बघायला नको. आकडे तुम्हाला येतात, आकड्यांचं कुलूप लावू." जिजीने माझ्याकडे बघितलं. मग काउंटरवरच्या त्या फोनकडे बघितलं. "तुमी शिकेल शेतस," ती म्हणाली आणि उठली. मला तेव्हा तो माझा विजय वाटला. कपाळ माझं!

रविवारी सकाळी मी तिचे नंबर नव्या फोनमध्ये न्यायला बसले. मनोहरभाऊ म्हणाले होते, दुकानात घेऊन या, मी करून देतो. पण मला कोण उत्साह! जुन्या फोनमधले सगळे नंबर सिमकार्डावर उतरवले, सिम आयफोनमध्ये घातलं, तिथून ते आत घेतले. पडद्यावर आलं, झालं काम. मी एकही नाव उघडून बघितलं नाही. जुना फोन आता पुसून कोरा करावा म्हणून हात घातला, तर जिजीने तो काढून घेतला. "नवी वहू उनी म्हनीसन सासूले लगेच घरबाहेर काढतस का?" असं म्हणून तिने तो रबरबँडसकट ज्वारीच्या कोठीत टाकला आणि भाकरी करायला गेली.

तास झाला असेल. मी ओट्यावर वह्या तपासत होते. आयफोन वाजला, थांबला. पुन्हा वाजला, थांबला. मी मान वर केली. तिसऱ्यांदा वाजला.

जिजी पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली, पडद्याकडे बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिली. "हात कोठे शे?"

मी फोन घेतला. पडद्यावर फक्त एक अक्षर. अ. मी घाईने नावांची यादी उघडली. अ. त्याखाली अ. त्याखाली अ. बोटाने वर सारत गेले, सारत गेले, वरपासून खालपर्यंत सगळे अ. तेव्हा उलगडा झाला. नंबर साठवायचा तर फोन काहीतरी नाव मागतो. जिजीला एकच अक्षर येत होतं, मीच शिकवलेलं. ती प्रत्येकाला तेच देत होती आणि खरी ओळख फोटोवर ठेवत होती. आणि सिमकार्डावर नाव चढतं, नंबर चढतो, फोटो चढत नाही. पावणेदोनशे माणसांचे हात मी मागे टाकून आले होते.

त्या नंबरवर उलट फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. जो कुणी टेकाडावर चढून आला होता तो उतरून गेला होता, कारण त्याच्या हिशोबाने निरोप पोचला होता. जिजी जीप पाठवणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जिजी म्हणाली, "रेवली व्हई." मग स्वतःच म्हणाली, "नही तं दुसरी कोनी व्हई. नुसता मनना भरवसावर जीप कशी धाडू?" भाईदासचा नंबर तरी कुठे होता? तोही अ. शाळेत मी मुलांना सांगते, चूक झाली तर रबर आहे. इथे कसलं रबर?

जिजी मात्र सरळ आत गेली, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि ज्वारीतून सासूबाईंना वर काढलं.

फोन मेलेला. चार्जर लावला, काही नाही. मी पिन तिरकी केली, दाबली, फिरवली. एका जागी बारीक दिवा लागला. "हालू नका," जिजी ओरडली. मी नाही हलले. भिंतीला टेकून, एका हाताने फोन आणि दुसऱ्याने पिन धरून बसले, हाताला रग लागली तरी बसले. त्या फुगलेल्या फोनला चालू व्हायला किती वेळ लागला, देव जाणे. मला तरी शाळेचा अख्खा दिवस गेल्यासारखा वाटला. मनात सारखी ती रेवली. हसताना तोंडावर पालथा हात धरायची, त्यामुळे तिचं तोंड मला आठवत नव्हतं, विंचूच आठवत होता.

पडदा उजळला. मी हलू शकत नव्हते, म्हणून जिजीनेच आयफोनवरचे आकडे बघून जुन्या फोनवर एकेक दाबायला सुरुवात केली. पहिले तीन आकडे दाबले, तर खाली हातांची रांगच लागली. आणखी एक दाबला, निम्मे हात गेले. आणखी एक. बांगड्यांचा हात गेला. वाकडी करंगळी गेली. शेवटी दोन उरले. जिजीने श्वास धरून पुढचा आकडा दाबला आणि एकच हात राहिला. मनगटावर विंचू.

"रेवली!" जिजी इतक्या मोठ्याने ओरडली की समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मग तिने भराभर यादी सारली, पत्रा ठोकलेला दिवा शोधला, त्याचा नंबर आयफोनवर दाबला. "भाईदास, रेवलीना पाडा. मधली वाट. आत्ते!" मग निळी छत्री. सिस्टरांना सांगितलं, गाडी डांबरीवर उभी ठेवा. एवढं करून जिजी खाली बसली. पिठाचे हात तसेच होते. मी अजून पिन धरूनच होते. तीच म्हणाली, "सोडा आते, म्याडम." मला सोडायचं सुचलंच नव्हतं.

दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर. तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती, तो वास घरभर. शेवटी फोन वाजला. भाईदास. जिजीने कानाला लावला, ऐकलं, आणि तिचं तोंड मी पहिल्यांदा असं नीट बघितलं, हसतही होतं आणि रडतही होतं. "पोर व्हयनी! दोन्ही बेस शेतस!" आरोग्य केंद्राच्या फाटकातून आत शिरता शिरता मुलगी झाली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर वाटेतच झाली असती, सिस्टर म्हणाल्या. मी जी रडायला लागले ती थांबेचना. इतकं हलकं मला पहिली नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. जिजी मला थापटत होती आणि माझ्या साडीला सगळं पीठ लागत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मनोहरभाऊंच्या दुकानात. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्याडम, फोनचा काही दोष नाही. हात दोन्हीकडे आले असते. फक्त सिमवरून नाही, माझ्याकडून आणायचे." मी खाली मान घालून होय म्हटलं. मग जिजीकडे वळून म्हणाले, "बोला, आते कोनता?" यावेळी मी तोंडाला कुलूप लावलं होतं. जिजीने क्षणभरही विचार केला नाही. "रांगोळीवाला," ती म्हणाली. आयफोन प्रवीणला परत गेला. मनोहरभाऊंनी जुन्या फोनमधले हात एकेक तपासून नव्यात आणले, आणि जिजीने फडका न सोडता, अंगठा न पुसता, नऊ ठिपक्यांवरून रेघ ओढून फोन उघडला. जुना फोन पुन्हा कोठीत गेला. सासूला बाहेर काढायचं नाही, म्हणजे नाही.

पुढच्या रविवारी मी आपण होऊन जिजीबरोबर शेतात गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. अपराधी वाटत होतं म्हणा, किंवा एवढे हात बघितल्यावर आपला कोरा हात घेऊन घरी बसवेना. दिवसभर मिरची वेचली. बाया खुदुखुदू हसत होत्या, मी देठाऐवजी मिरचीच मोडत होते. संध्याकाळपर्यंत बोटं अशी पेटली की चूल बरी. जिजीने ताकाच्या भांड्यात माझे हात बुडवले, मग बाहेर काढून उलटसुलट बघितले. लाल, सुजलेले, नखांत बिया अडकलेल्या. ती पोट धरून हसली. "आते हात व्हयना!"

तिने माझा हात स्वतःच्या शर्टावर ठेवला, फोटो काढला आणि माझ्यासमोर माझ्या नंबरवरची चप्पल काढून टाकली. वर रेवलीचा हात होता, तोही नवा फोटो, विंचवाशेजारी एक इवलीशी मूठ. त्याखाली माझा. त्या दोन्हींच्या पुढे तेच एक अक्षर. मी म्हटलं, "जिजी, आणा इकडे, निदान माझं तरी नाव नीट लिहून देते."

जिजीने फोन खिशात टाकला. "ऱ्हाऊ द्या ना, म्याडम," ती म्हणाली. "सगळा अ शेतस. तुमीच येगळ्या कसाले?"